भरीची काच

"घरघंटी घेतलीत का हो?" समोरच्या वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं. "रात्रभर आवाज येतो. घेतलीच असेल तर आमचं ज्वारीचं दळणसुद्धा…"

मी खरं काय ते सांगितलं. दगड दळतोय म्हटलं. म्हणजे पीठ नाही करत, गुळगुळीत करतोय. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बादलीकडे. बादलीत राखाडी रंगाचा, कढीहून जरा दाट असा राडा होता. "बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून आमच्या इमारतीत मी 'ते दगड दळणारे' आहे. वॉचमनसुद्धा आता पार्सल द्यायला आला की आधी बाल्कनीत डोकावून घेतो.

यंत्र म्हणावं असं त्यात फार काही नाही. दोन आडवे दांडे, त्यातला एक मोटरने फिरतो, आणि दोघांवर आडवा ठेवलेला एक बंद डबा. मोटर पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी घासाघीस करून घेतलेली. दांड्यांना बेअरिंगं बसवून दिली ती एका लेथवाल्या दादांनी, तीही 'हे कशाला?' असं तीनदा विचारून. डबा म्हणजे जाड पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, दोन्हीकडून झाकणं, आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर. मिनिटाला साधारण ५० वेळा गरगरतो. आत दगड, दगड जेमतेम बुडतील एवढं पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे दगड घासणारी टणक पूड. पहिला आठवडा ८० नंबरची भरड पूड; नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. दगड फारच ओबडधोबड असतील तर दोन आठवडे, तीन आठवडे. मग सगळं धुऊन २२० नंबर, मग ६००, आणि शेवटी सिरियम ऑक्साइड, म्हणजे चष्म्याच्या काचा चकचकीत करायला वापरतात ती गुलाबीसर पूड. एका खेपेला महिना सहज जातो. झाकण लावायचं, बटण दाबायचं आणि आठवडाभर विसरून जायचं. मला हे विसरणं कधी जमलेलं नाही.

दगड येतात आईच्या माहेरून. पारनेर तालुक्यात मामाचं रान आहे. नांगरट झाली आणि एक पाऊस पडून गेला की त्या काळ्या-तांबड्या मातीत गारगोट्या डोळे उघडून बसतात. पांढऱ्या, दुधाळ, मधाळ, क्वचित एखादी पट्ट्यापट्ट्यांची. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचत गेले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी पाझरत राहिलं आणि थरावर थर चढत पोकळी भरून निघाली. मग बसाल्टची झीज होऊन माती झाली. आतली गारगोटी मात्र तशीच राहिली. म्हणजे मुळात जी भर होती तीच शेवटी शिल्लक उरली. मामेभाऊ म्हणतो, "न्या की दादा, सगळं रान साफ करून न्या. फाळ तरी वाचंल."

लहानपणी याच गारगोट्या आम्ही गोधडीत शिरून एकमेकींवर घासायचो. अंधारात फिकट केशरी उजेड आतल्या आत पेटायचा आणि जळकट वास यायचा. त्या वासासाठी मी अजून एखादी घासून पाहतो. घरात कोणी नसताना.

आईच्या गावाहून निघोज काही लांब नाही. तिथे कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे शाळेतल्या भूगोलामुळे सगळ्यांना निदान चित्रातून तरी माहीत असतात. पुराच्या पाण्यातला भोवरा दगड आणि वाळू एका जागी गरागरा फिरवत ठेवतो आणि तो दगड खालच्या कातळाला रांजणासारखा कोरत जातो. मी पहिल्यांदा तिथे उन्हाळ्यात गेलो तेव्हा एका कोरड्या खळग्याच्या तळाशी वाकून पाहिलं. आत सात-आठ गोटे बसलेले. गुळगुळीत, अगदी तुळतुळीत. माझं यंत्र मी त्या दिवशी पाहिलं म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की कुकडीने डबा झिजवला होता, आणि मला डबा वाचवून दगड झिजवायचे होते. ट्यूबचं रबर त्यासाठीच.

आता मुख्य अडचण. डबा पाऊण भरलेला लागतो. का, ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला सांगावं लागणार नाही. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात दोनच मिरच्या टाका, त्या भिंतीला चिकटून बसतात आणि पातं नुसतं घोंघावतं. डब्यात दगड कमी असले की ते वरपर्यंत चढतात आणि धबाधबा खाली आपटतात, कपचे उडतात. फार भरलं तर हलायलाच जागा नाही. बरोबर भरलं असलं की वरचा थर घरंगळत खाली येतो, खडीचा ढीग ढासळावा तसा, आणि सगळं काम त्या ढासळण्यात होतं. शिवाय सगळे दगड एकाच मापाचे असून चालत नाहीत. मोठ्यांच्या मधल्या फटीत बारके हवेत, म्हणजे पूड कानाकोपऱ्यात पोचते. दगडी भिंत रचणारा गवंडी चिपा बसवतो ना, तसं. पण मनाजोगे दगड कधीच डबाभर मिळत नाहीत. दिवसभर रान धुंडाळून ओंजळभर. उरलेली जागा कशाने भरायची?

परदेशातले हौशी लोक सिरॅमिकच्या छोट्या दंडगोळ्या वापरतात. त्या कठीण असतात, हळूहळू झिजतात आणि वर्षानुवर्षं पुरतात. मागवायच्या तर दगडांपेक्षा भर महाग. प्लास्टिकचे दाणे स्वस्त पडतात, पण पाण्यावर तरंगतात. ज्याला तरंगता येतं त्याला दळणात घेऊन काय करायचं?

मग माळ्यावरचा बोर्नव्हिटाचा डबा आठवला. त्यात माझ्या गोट्या होत्या. चौथी ते सातवी या चार वर्षांची कमाई, बरीचशी नेमाने जिंकलेली आणि थोडी भांडून मिळवलेली. त्यातच एक हिरवट, जडशी गोटी सोड्याच्या बाटलीतली. १८७२ साली हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने पेटंट घेतलेली ही बाटली आपल्याकडे गोटीसोडा म्हणून अजून टिकून आहे. आतला वायू गोटीला वर रेटून रबराच्या कडीवर दाबून धरतो, तेच बूच. ती गोटी हवी तर बाटली फोडावी लागते. त्यामुळे आमच्या गल्लीत ती ज्याच्याकडे असे त्याच्याकडे सगळे जरा संशयाने बघत. ती मी कशी मिळवली ते इथे लिहिणार नाही.

काच हे मला उत्तर वाटलं, आणि कागदावर ते बरोबरही होतं. भर साधारण दगडाच्याच वजनाची हवी, नाहीतर ढासळण्याची लय बिघडते. गारगोटीची घनता २.६५, काचेची २.५ च्या आसपास. दोघींचं मूळही एकच. गारगोटी म्हणजे सिलिका, आणि बाटलीची किंवा खिडकीची काच म्हणजे सुमारे ७० टक्के सिलिकाच. वाळूत सोडा आणि चुना घालून वितळवली की ती लवकर पाघळते, म्हणून काच करणं परवडतं. पण त्या सोड्यामुळेच तिची वीण सैल होते. कठीणपणाच्या मोह्स मापात गारगोटी ७ आणि काच साडेपाच. कार्बोरंडम ९ च्या वर. म्हणजे घासणारा तोच, पाणी तेच, आणि घासून घेणाऱ्या दोघी चुलतबहिणी, त्यातली एक जरा हळवी. हळवी आहे तर गारगोटीला ओरखडा तरी पाडणार नाही, असाही हिशेब मी केला होता.

शब्द तर हाताशीच होता. गारगोटीत गोटी आहेच. म्हटलं, बसवून देऊ.

तीस गोट्या मोजून घेतल्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १६० ग्रॅम भरल्या. सोड्याची गोटी डब्यातच ठेवली. आठवडाभर डबा फिरला. आवाज पहिल्यापेक्षा गोड झाला होता, आत कोणी कवड्या खुळखुळवत बसल्यासारखा. आठव्या दिवशी झाकण काढलं तर राडा एवढा दाट की चमचा उभा राहावा. धुऊन गोट्या वेगळ्या केल्या. त्या सुंदर दिसत होत्या हे आधी कबूल करतो. आतली रंगीत पाकळी धुक्यामागे गेलेली, वरून दुधाळ, हाताला रेशमी. वजन केलं: १११ ग्रॅम. आठवड्यात जवळजवळ एक तृतीयांश गायब. ती ४९ ग्रॅम काच पूड होऊन राड्यात मिसळली होती, आणि तिनेच राडा घट्ट करून टाकला होता. घट्ट राड्यात दगड आपटत नाहीत हे खरं, पण घासलेही जात नाहीत. साईत पोहल्यासारखे नुसते लोळतात. माझी महागाची कार्बोरंडम पूड निम्मा वेळ गोट्यांचं पीठ पाडण्यात खर्ची पडली. भरीला घातलेल्याने पंगतीतलं अर्धं जेवण संपवावं, तसं.

गारगोट्या उन्हात धरून भिंगाखाली पाहिल्या तर आणखी एक गंमत. त्यांच्या पाठीवर बारीक बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या. नखाच्या टोकाएवढ्या, शेकडो. आधी वाटलं दगडातच आहेत. मग गोट्या पाहिल्या, त्यांच्यावरही त्याच. गोल आणि टणक वस्तू दुसऱ्या टणक वस्तूवर आपटली की स्पर्शाच्या बिंदूभोवती कडीसारखा तडा जातो आणि तो शंकूसारखा आत उतरतो. पृष्ठभागावर त्या कडीचा एखादा भाग कोरीसारखा दिसतो. गोटी गोल असणं हाच तिचा दोष ठरला. वेड्यावाकड्या दगडाचा मार इकडेतिकडे विखुरतो. गोटीचा मार मात्र एका टिंबावर पडतो. लहानपणी आम्ही नेम धरून टिचकी मारायचो ते याच भरवशावर, आणि तेव्हाही नेमाची गोटी अशाच कोरींनी भरलेली असायची. आम्ही त्याला 'गोटीला देवी आल्या' म्हणायचो.

या कोरींचं मला पुढे फार कौतुक वाटलं, ते कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगमुळे. तिथे गावाने १९०६ पासून १९६७ पर्यंत समुद्रकिनारी कचरा टाकला. बाटल्या, काचसामान, गाड्यांचे दिवे, काय वाटेल ते. लाटांनी तो दळदळून किनाऱ्यावर रंगीत खडे पसरले, आणि आता लोक उकिरडा बघायला लांबून येतात. समुद्राने घासलेली काच जमवणारे जगभर आहेत. खरी समुद्राची काच आणि यंत्रात घोळवून केलेली नकली काच यांतला फरक ते भिंगातून पाहतात. खरीवर वर्षानुवर्षांच्या खाऱ्या पाण्याने पडलेली बारीक खरबड असते, आणि असतात या चंद्रकोरी. माझ्या दगडाची जी खोड, ती त्यांच्याकडे खरेपणाची खूण.

गोट्यांवर माझं भागलं नाही. मग बाटल्या. वापरलेलं तेलकापड गुंडाळून, हातोडी घेऊन, गच्चीवर. बाटलीच्या बुडाची जाड काच तशी बरी निघाली. भिंतीची पातळ काच मात्र वाकलेली असल्याने डब्यात पुन्हा पुन्हा फुटत राहिली, आणि काच फुटते ती सुरीसारखी. मी राड्यात हात घालून दगड चाचपत होतो आणि करंगळीजवळ काहीतरी थंड लागल्यासारखं झालं. दुखलं नाही. राखाडी राड्यात तांबडी रेघ दिसली तेव्हा कळलं. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना 'कशाने लागलं?' या प्रश्नाला 'दगड धुताना' असं उत्तर दिलं. डॉक्टरीणबाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून राडा चाळणीतून गाळायचा आणि हातात जाड रबरी मोजे, हा नियम.

त्यानंतर एका गॅरेजवाल्याने पिशवीभर गाडीच्या काचा दिल्या. दाराच्या खिडकीच्या. समोरची काच चालत नाही, ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, फुटली तरी सुटी होत नाही. दाराची काच मात्र तापवून एकदम गार केलेली असल्याने फुटताना बोथट चौकोनी दाण्यांचा ढीग होतो. हे दाणे आठवड्यात थेट खडीसाखर होऊन बाहेर आले. इतके हुबेहूब की धुऊन ताटलीत वाळत ठेवले होते ते मुलीने एक तोंडात टाकला. थुंकला लगेच. ताटली तेव्हापासून स्वयंपाकघरात न्यायची नाही, हाही एक नियम. भर म्हणून दाणे गोट्यांपेक्षा चांगले, कोरी पाडत नाहीत, फटीत नीट बसतात. पण झिजतात तेही, आणि राडा पुन्हा खिरीसारखा.

इथवर सगळं निभावलं असतं. घात झाला तो पॉलिशला. ८०, २२०, ६०० अशा तिन्ही पायऱ्या उतरून गारगोट्या आल्या होत्या. ओल्या असताना आरशासारख्या दिसत. सिरियम ऑक्साइड घातलं, भरीला त्याच गोट्या, आठ दिवस फिरवलं, धुतलं, पुसलं. वाळल्यावर सगळ्यांवर एक मळभ. जवळून पाहिलं तर बारीक रेघांचं जाळं. दुर्बिणीचे आरसे हाताने घासून तयार करणारा एक मित्र आहे, त्याला दाखवलं. ती माणसं काचेवर काच घासतात, मध्ये हीच पूड. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. नंबर बदलताना ती अंघोळ केल्यासारखी सगळं धुतात, कपडेसुद्धा बदलतात. त्याने एक गोटी भिंगाखाली धरली आणि विचारलं, "ही पहिल्यापासून आतच आहे का?" होती. तिच्या चंद्रकोरींमध्ये काळे ठिपके होते. ८० नंबरचे कण. पहिल्या आठवड्यात तडा गेला, तड्यात पूड शिरली, आणि ती पूड गोटीने तीन आठवडे पोटात धरून पॉलिशच्या डब्यात आणून सोडली. काच हळवी, ती दगडाला ओरखडा पाडणार नाही हा माझा हिशेब चुकला नव्हता. ओरखडा तिने पाडलाच नाही. तिने फक्त वाहून आणला.

माझी सगळी खेप वाया गेली हे लिहिताना जीव जड होत नाही, कारण परत ६०० वर टाकून बरेचसे दगड सावरले. पण तेव्हा मला खंबायतची आठवण झाली. गुजरातेतलं हे गाव अकिकाच्या मण्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. राजपीपळ्याकडच्या रतनपूरच्या खाणींतून दगड यायचा, तापवला की त्याचा तांबडा रंग खुलायचा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तिथल्या कामाचं वर्णन आहे. घासून आकार दिलेले मणी चामड्याच्या पिशवीत भरायचे, त्यात कुरुंदाची आणि अकिकाचीच बारीक पूड, थोडं पाणी, आणि दोन माणसांनी दहा-पंधरा दिवस ती पिशवी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळवत राहायचं. माझ्या यंत्राचे पूर्वज म्हणजे ही दोन माणसं. त्यांच्या पिशवीत परकं काहीच नव्हतं. अकिकाला अकीकच घासत होता.

खंबायतचं नाव काढलं की दुसरीही गोष्ट सांगायलाच हवी. कोरड्या दगडावर चाक चालवणाऱ्या तिथल्या कारागिरांत सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार किती आहे, यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यास केले आहेत. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की ती परत निघत नाही. माझं दळण ओलं असतं म्हणून मी निवांत आहे, पण सांडलेला राडा वाळला की तीच धूळ. म्हणून झाडू नाही, ओलं फडकं. आणि राडा मोरीत ओतायचा नाही, तो पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. हे मला कसं कळलं ते प्लंबरला विचारा. आता बादलीत निवळू देतो, वरचं पाणी झाडांना, खालचा थर गच्चीतल्या फुटक्या कुंडीत. कुंडीत चार वर्षांचा गाळ आहे. त्यात किती गोट्या आहेत याचा अंदाज मी केला होता, मग सोडून दिला.

शेवटी भर कशाची घालतो? बारक्या गारगोट्यांची. मामाच्या रानात ज्यांच्याकडे मी चार वर्षं पाहिलंही नव्हतं त्या. वाटाण्याएवढ्या, हरभऱ्याएवढ्या, रंग नाही, पट्टे नाहीत, नुसत्या मळकट. झिजतात त्या मोठ्यांच्याच चालीने, फुटत नाहीत, राडा बिघडवत नाहीत. प्रत्येक पायरीची भर वेगळ्या बरणीत ठेवतो, बरणीवर नंबर. मामेभावाला सांगितलं, आता बारक्याही लागतील. तो म्हणाला, "दादा, आता मातीच न्या ना एकदम."

काचेचं प्रकरण तिथेच संपलं असतं. संपवलं नाही ते आईने.

दिवाळीच्या सुटीत ती आमच्याकडे होती. बाल्कनीत बसून माझी धुलाई पाहत होती. दुधाळ झालेली एक गोटी उचलून बोटांत फिरवत म्हणाली, "धार जाते का रे यात काचेची?" म्हटलं, धारच आधी जाते. ती उठली आणि पिशवीतून एक पत्र्याची डबी घेऊन आली. आत बांगड्यांचे तुकडे. हिरवे, लाल, जांभळे, एकदोन सोनेरी नक्षीचे. काचापाणीचे. हा खेळ हल्ली कोणी खेळताना दिसत नाही म्हणून सांगतो. जमिनीवर खडूने गोल काढायचा, त्यात तुकडे टाकायचे, आणि एकेक तुकडा बोटाने असा बाहेर काढायचा की शेजारचा हलता कामा नये. हलला की डाव गेला. आईला हे तुकडे नातीला द्यायचे होते, पण सुनेने धार बघून नको म्हटलं होतं.

"एवढ्या कुठून फोडल्यास?" मी विचारलं.

"फोडल्या नाहीत. वाढल्या," आई म्हणाली.

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू सांडलं तरी वाढतं, दिवा गेला तरी दिव्याला निरोप देतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरी तेव्हा एकदम ऐकल्यासारखं झालं. बाबा गेले तेव्हा बायका जमल्या होत्या, तेव्हाही आईने हात पुढे केला नव्हता. बांगड्या तिने स्वतः काढल्या, सगळ्या, शाबूत, आणि कपाटात ठेवल्या. कोणी काही बोललं नाही, निदान तिच्या तोंडावर. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी तिने पेपरमधून मला वाचून दाखवली होती. मोठ्याने, दोनदा. या डबीत त्या बांगड्या नव्हत्या. हे तुकडे त्याआधीचे, धुण्याच्या दगडावर, विहिरीच्या काठावर, गोठ्यात वाढलेले.

मी भरड पुडीला हातच लावला नाही. थेट ६००. तेवीस तुकडे, आणि डबा पाऊण भरेल एवढ्या बारक्या गारगोट्या, भरीला. पाणी जरा जास्त, वर कागदाचा लगदा, आपटू नयेत म्हणून. चार दिवस आई रोज सकाळी डब्याला कान लावून जायची. "झोपलेत," म्हणायची, किंवा "आज जरा भांडतायत."

पाचव्या दिवशी उघडला. तेवीसच्या तेवीस. एकही वाढला नव्हता. कडा सगळ्या गोल, बोट फिरवलं तर रेशीम. सोनेरी नक्षी मात्र पार गेलेली, आणि रंग असा झालेला की जणू वरून साय धरली आहे. सुनेने पास केलं. दुपारी हॉलच्या फरशीवर खडूचा गोल पडला.

आईला आता मांडी घालता येत नाही, म्हणून ती पाटावर बसली. पहिले पाच तुकडे तिने असे काढले की मुलगी बघतच राहिली. सहाव्याला मुलगी ओरडली, "हलला! आजी, तो जांभळा हलला!"

"नाही हलला."

"हलला!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बघत होतो, पण मलाही सांगता येईना. आईने जांभळा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, आणि मग तिच्या लक्षात आलं. "याची चमक काढलीस तू," ती म्हणाली. "चमक असली की हललेलं दिसायचं. जरासा हलला तरी उजेड लकाकायचा. तेवढ्यावर तर आम्ही भांडायचो. आता कोण हललं नि कोण नाही, कसं कळायचं?"

"मग?"

"मग काय. ती गुलाबी पूड आहे ना तुझी? घाल त्यात."

तुकडे मी मोजून घेतले. बावीस. तेविसावा आईच्या मुठीत होता, तो तिने डाव अर्धाच आहे म्हणून दिला नाही. ६०० नंबरची भर तिच्या बरणीत परत गेली. पॉलिशच्या भरीची बरणी काढली, वेगळा डबा काढला, मोजे चढवले. समोरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात ज्वारीचा डबा नव्हता. पदराच्या टोकात बांधलेलं काहीतरी होतं आणि ते खुळखुळत होतं.